कासारबोळातल्या वाट्या

“गोड खाता का?” डॉक्टर बारबोल्यांनी विचारलं.

“नाही,” आण्णा म्हणाले.

“चहा?”

“बिनसाखरेचा.”

“सणावारी?”

“सण वर्षातनं असे किती येतात, डॉक्टर?”

डॉक्टरांनी रक्ताचा रिपोर्ट पुन्हा डोळ्यांसमोर धरला, मग आण्णांच्या उजव्या पायाच्या अंगठ्याकडं पाहिलं. चपलेचा पट्टा लागून झालेली जखम दिवाळीपासून भरत नव्हती. “तीन महिन्यांची सरासरी साडेनऊ आहे. मग ही साखर येते कुठनं?”

“मी एसटीत कंट्रोलर होतो. आलेली गाडी कुठनं आली ते बोर्ड बघून सांगायचो. साखरेवर बोर्ड नसतो.”

माझा मोठा भाऊ प्रमोद शेजारच्या खुर्चीत बसला होता. तो पुण्याला एका कारखान्यात दर्जा तपासणी विभागाचा प्रमुख होता आणि कारखान्याबाहेरही तोच होता. त्यानं विचारलं, “जखम भरली नाही तर?”

“तर अंगठा काढावा लागेल. आज मी अंगठा म्हणतोय.” डॉक्टरांनी रिपोर्ट मिटला. “तीन महिने देतो. साखर सातच्या खाली आणा.”

रस्त्यावर आल्याआल्या दादानं करार मांडला. तीन महिन्यांत आकडा सातच्या खाली आला तर आण्णांनी बार्शीत राहावं. नाही आला तर पुण्याला, त्याच्या घरी, सहाव्या मजल्यावर. आई गेल्यानंतर दादा त्यांना एकदा पुण्याला घेऊन गेला होता. महिन्याच्या आत ते परत आले होते. कारण विचारलं तर म्हणाले होते, “तिथं लिफ्टमध्ये माणसं एकमेकांकडं बघत नाहीत. सगळी दारावरचे आकडे वाचत उभी असतात.” त्यामुळं ते आता वाद घालतील असं मला वाटलं. पण त्यांनी मान हलवली.

“मान्य. पण वेळेआधी गाडी सोडायची नाही. तीन महिने म्हणजे तीन महिने.”

घरी पोचल्यावर दादानं पहिल्यांदा फ्रिज उघडला. आत दूध होतं, अर्धं लिंबू होतं आणि वाट्या होत्या. स्टीलच्या, पितळेच्या, एक कडीचा डबा. त्यांत शिरा, गव्हाची खीर, दुधी हलवा, गूळपापडी.

“हे काय आहे, आण्णा?”

“ते माझं नाही. ते जायचंय.” आण्णा फ्रिजपाशी येऊन उभे राहिले आणि कंट्रोल रूममधल्या आवाजात सांगू लागले. “हा शिरा ढगेकाकूंकडनं आलाय, जुलेखाचाचींकडं जाईल. चाचींची खीर आप्पांकडं जाईल. आप्पांच्या सुनेचा हलवा काकूंकडं. मी आपला नुसता थांबा आहे.”

“आणि यातलं तुम्ही काही खात नाही?”

“चव बघतो. न चाखता दुसऱ्याच्या दारात कसं न्यायचं? काही कमीजास्त झालं असलं तर?”

“किती चव बघता?”

“खात्री होईपर्यंत.”

कासारबोळाची रीत अशी होती की शेजारून आलेली वाटी रिकामी परत द्यायची नाही. कुणी भाजी पाठवली तर वाटीत चटणी घालून द्यायची, काहीच नसलं तर निदान मूठभर शेंगदाणे. आई होती तोवर हा व्यवहार तिच्याकडं होता. आई गेल्यावर बोळातल्या बायकांनी पाठवणं थांबवलं नाही, उलट वाढवलं. एकटा माणूस, त्यात आण्णांना चहापलीकडं काही करता येत नाही. एकट्या माणसाला गोड पाठवावं असं सगळ्यांनाच वाटत होतं. रीत मोडायची नाही आणि स्वयंपाक येत नाही, या दोन्हींतून वाट काढून त्यांनी ही वाहतूक बसवली होती.

ती एकदा उघडकीलाही आली होती. ढगेकाकूंचे बेसनलाडू आण्णांकडून चाचींकडं गेले, चाचींनी त्यातले निम्मे आप्पांच्या सुनेला दिले, सुनेनं ते आण्णांना पाठवले आणि आण्णा ते काकूंच्याच वाटीत घालून काकूंच्याच दारात उभे राहिले. काकूंनी एक लाडू मोडून पाहिला.

“वेलदोडा जास्त झालाय,” त्या म्हणाल्या. “माझा झाला होता तसाच.”

“चांगल्या हाताच्या बायका चुकतात पण सारख्याच,” आण्णा म्हणाले.

आण्णांनी हे सांगितलं तेव्हा मी हसले, दादा हसला नाही. त्यानं सगळं गोड बाहेरच्या गायीला घातलं, वाट्या घासल्या, पुसल्या आणि एका ताटात रचल्या. प्रत्येक वाटीवर नाव कोरलेलं होतं, म्हणून त्याला कुणाला काही विचारावं लागलं नाही. आण्णा औषध घेऊन आतल्या खोलीत पडले होते. मी मलमपट्टीचं सामान आणायला बाहेर पडले.

पुढं काय झालं ते मला नंतर काकूंनीच सांगितलं. दादानं त्यांच्या दारात येऊन वाटी पुढं केली, “आता आण्णांसाठी काही पाठवू नका,” एवढं म्हणाला, हात जोडले आणि वळला. त्याला पुढची घरं करायची होती.

काकूंनी वाटीत पाहिलं. वाटी रिकामी होती. बोळात रिकामी वाटी परत येते ती फक्त एकाच घरातून. ज्या घरातलं माणूस गेलेलं आहे, चूल पेटलेली नाही आणि शेजाऱ्यांनी पिठलं-भाकरी पोचवली आहे, त्या घरातून. दादा सतराव्या वर्षी शिकायला बाहेर पडला होता. बोळात चेंडू कुणाच्या अंगणात गेला की बाद, हे त्याला ठाऊक होतं. वाटीचं ठाऊक नव्हतं. तो घरामागून घर तेच वाक्य बोलत गेला, हात जोडत गेला, आणि अशा गोष्टी दारात उभं राहून विचारत नाहीत म्हणून त्याला कुणीही काही विचारलं नाही.

मी परत आले तेव्हा आमच्या दारात चपलांचा ढीग होता.

तो ढीग पाहून मला जे वाटायचं तेच वाटलं. मघाशी तर बोलत होते, एवढंच डोक्यात येत राहिलं. उंबऱ्यावर काकूंनी मला मिठीत घेतलं.

“विजे, कसं गं झालं असं! असा माणूस आता होणे नाही बघ. नळाला पाणी आलं की पहिली हाक यांची. कधी कुणाला उलट बोलले नाहीत. माझ्या आमटीत मीठ नसलं तरी म्हणायचे, झकास. माझे मिस्टर गेले तेव्हा बाकीचे चार दिवस आले. हा माणूस वर्षभर दारावरनं जाताना खाकरून जायचा. का, तर म्हणे घरात एकट्या आहात, बाहेर कुणीतरी आहे एवढं कळू दे.”

ओट्यावर आप्पा कलशेट्टी डोक्याला पंचा गुंडाळून बसले होते. त्यांचं वय ऐंशीच्या पुढं, तोंडात दात नाहीत. ते कुणाला तरी लाकडांचं विचारत होते. एसटी डेपोतले आण्णांचे दोन जुने सोबती झेंडूचा हार घेऊन आले होते. जुलेखाचाची भिंतीला टेकून डोळे पुसत होत्या. तेवढ्यात दादा हातात ओलं फडकं घेऊन स्वयंपाकघरातून आला. तो फ्रिज पुसत होता.

“काय झालंय?” त्यानं विचारलं.

“पोराला धक्का बसलाय,” आप्पा म्हणाले. “पाणी द्या त्याला.”

“काकू,” आतून आवाज आला, “नळाचं झालं, आमटीचं झालं. पुढचं सांगा की.”

आतल्या दारात आण्णा बंडी घालून उभे होते.

कुणी ओरडलं नाही. आप्पांनी डोक्यावरचा पंचा हळूच काढून खांद्यावर टाकला. शेवटी डेपोतला एक सोबती म्हणाला, “गवसाने, हार आणलाय आम्ही. याचं काय करायचं?”

आण्णांनी मान पुढं केली. “घाला. परत कोण घेणार आहे?”

मग सगळे हसले. आप्पा तर इतके हसले की त्यांनाच पाणी द्यावं लागलं. हसल्या नाहीत फक्त ढगेकाकू.

“दाराआड किती वेळ उभे होता?” त्यांनी विचारलं.

“तुम्ही नळापाशी होता तेव्हापासनं.”

“मग तेव्हाच बाहेर यायचं नाही?”

“एवढं चांगलं माझ्याबद्दल आजवर कुणी बोललं नव्हतं, काकू. मधी कसं बोलायचं?”

“चारचौघांत रडले मी! आणि हे आत उभं राहून ऐकायलेत!” काकूंनी पदर खांद्याभोवती घट्ट घेतला. “वाटी रिकामी पाठवता, जिवंत असून रडवता आणि वर हसता. आता खरोखरीचे जाल ना, तेव्हा मी यायची नाही. सांगून ठेवते.”

त्या गेल्या. दादानं मला बाजूला घेऊन विचारलं, हे सगळं कशानं झालं. मी सांगितलं. त्यानं ओलं फडकं पिळून दोरीवर टाकलं. मग म्हणाला, “निदान आता कुणी गोड पाठवणार नाही.”

हे मात्र खरं ठरलं. काकूंच्या मागोमाग सगळा बोळ गप्प झाला. काहीजणांना रिकामी वाटी लागली होती, काहीजणांना आपण जिवंत माणसाच्या दारात पंचा गुंडाळून बसलो याची लाज वाटत होती. दादानं दोन्ही वेळच्या डब्याची सोय केली. फुलके, उकडलेले मूग, दुधीची भाजी, मीठ बेताचं. मग तो पुण्याला गेला.

मी सोलापूरला नोकरीला होते, मंगळवारी सुट्टी असायची. दर मंगळवारी बार्शीला यायचे. पहिल्या खेपेला आण्णा ओट्यावर बसलेले दिसले. दुसऱ्या खेपेला आत पलंगावर. त्यानंतर दाढी वाढलेली, दुपारी टीव्ही चालू आणि यांचं तोंड भिंतीकडं. पाऊल सुजलं होतं. जखमेची कड काळपट दिसत होती.

“पाय कसाय?”

“आहे.”

“जेवता का?”

“डबा येतो की.”

मी ठरलेल्या तारखेची वाट न पाहता त्यांना डॉक्टरांकडं नेलं. उपाशीपोटीची साखर आधीपेक्षा वर गेली होती.

“गोड?” डॉक्टरांनी विचारलं.

“बंद.”

“चोरून?”

“चोरायला तरी कुठं जाऊ? बोळातल्या सगळ्या गाड्या रद्द आहेत.”

डॉक्टरांनी त्यांची पोटरी दाबून पाहिली, मग दुसरी. “चालता किती?”

“कुठं चालायचं?”

“आधी कुठं चालायचात?”

“आधी मी चालायला कधी गेलोच नाही,” आण्णा म्हणाले. “कामाला जायचो.”

डॉक्टरांना वाटलं ते एसटीतल्या दिवसांबद्दल बोलताहेत. त्यांनी गोळ्या बदलल्या, रोज चालायला सांगितलं आणि पुढच्या पेशंटला हाक मारली. रिक्षात बसल्यावर मी विचारलं, “कुठलं काम?”

आण्णा बोटांवर मोजू लागले. “सकाळी काकूंची वाटी. मग बोळाच्या पार टोकाला चाचींचं घर. संध्याकाळी आप्पांकडं, तेलगिरणीच्या वरच्या अंगाला. त्या दगडी पायऱ्या ठाऊक आहेत ना तुला? गेलं की आप्पा बसवून घेणार. खाली यायला दिवेलागण.”

“मग आताही जा. बसून या.”

“असंच?”

मी त्यांना विनातिकीट प्रवास करायला सांगत होते, अशा नजरेनं त्यांनी माझ्याकडं पाहिलं.

“विजे, हातात वाटी असली की माणूस कामानं आलेला असतो. नसली की म्हणतात, म्हातारा घरोघरी हिंडायलाय. आणि काकू तर एकट्या राहतात. त्यांच्या दारात मी हात हलवत जाऊन काय सांगू? बघायला आलो म्हणून?”

मी दादाला फोन केला. तो म्हणाला, चालायचाच प्रश्न असेल तर ट्रेडमिल पाठवतो, घरातच चालतील. मी नको म्हणाले. मग तो म्हणाला, नाहीतरी इकडं खोली रिकामी करून ठेवली आहे, पलंग आला, उगाच तीन महिने कशाला थांबायचं? मी म्हणाले, करार तू केला आहेस.

त्याच दुपारी मी काकूंकडं गेले. त्या सूप घेऊन तूर पाखडत होत्या. मला बस म्हणाल्या नाहीत, पण पाट मात्र पायानं पुढं सरकवला.

“आमची वाटी रिकामी आली, विजे.”

“दादाला रीत ठाऊक नव्हती, काकू.”

“त्याला नव्हती. तुझ्या बापाला होती की. आला का एकदा तरी सांगायला? समोर घर आहे. मधी काय चंद्रभागा वाहती?”

“यायचं कसं म्हणतात. हातात काही नाही.”

काकूंचं सूप थांबलं. मी त्यांना पायाचं सांगितलं, सुजेचं, साखरेचं, पुण्यातल्या पलंगाचं. त्यांनी सगळं ऐकलं आणि परत पाखडायला लागल्या.

“तुम्ही एक वाटी पाठवा,” मी म्हणाले. “साखरेचं सोडून काहीही.”

“मी? रिकामी ज्यांच्या घरनं आली, पहिली भरलेली त्यांच्याच घरनं येणार. आणि बाजारातनं आणलेलं नको. तुझ्या हातचं पण नको. तू सोलापूरची झालीस. घर त्यांचं आहे, त्यांनी करायचं.”

मी घरी येऊन हे सांगितलं. आण्णा पलंगावर उठून बसले.

“मला चहा येतो. वाटीतनं चहा नेऊ?”

“शेंगदाण्याची चटणी करा. शिजवायचं काही नाही. भाजायचं आणि कुटायचं.”

आईचा लोखंडी खलबत्ता माळ्यावर होता. तो मी खाली काढला. आण्णांनी आधी दाढी केली. मग ओट्यावर बसकर टाकून, खलबत्ता दोन्ही पायांत धरून ते कुटायला लागले. बोळ अरुंद आहे. खलबत्त्याचा आवाज पार टोकापर्यंत जातो, आणि कुठल्या घरातला आहे ते लोकांना ओळखू येतं. थोड्या वेळात समोरच्या खिडकीचं दार उघडलं. आप्पांची सून काही कारण नसताना दोनदा आमच्या दारावरून गेली.

“तिखट किती घालू?” आण्णांनी विचारलं.

“अंदाजानं.”

त्यांनी आमटीच्या पळीनं अंदाज घेतला. मी चाखली आणि आत जाऊन पाणी प्याले. ते म्हणाले, चटणी आहे, एवढी तर लागणारच. मग इस्त्रीचा शर्ट घातला, वाटीवर झाकण ठेवलं आणि पाय जपत बोळ ओलांडला. मी दारातच थांबले.

काकूंनी झाकण काढलं. बोटावर घेऊन जिभेला लावली. त्यांच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं.

“आण्णा, ही चटणी आहे का शिक्षा?”

“पहिलीच खेप आहे.”

“शेंगदाणे करपलेत. लसूण कच्चाच आहे. आणि मीठ? मीठ कुठाय?”

“तुमच्या आमटीत नसायचं, मी काही बोललो का?”

मला वाटलं, संपलं आता. काकू त्यांच्याकडं बघत राहिल्या. मग त्यांच्या गालाला खळी पडल्यासारखं झालं, ती त्यांनी लगेच पदरानं पुसली.

“थांबा जरा. अशी सांगून येत नसती चटणी. दाखवते.”

संध्याकाळी आमची वाटी परत आली, भरलेली. दुसऱ्या दिवशी आण्णांना ती भरून न्यायची होती, पण काकूंचीच चटणी काकूंना देणं आता शक्य नव्हतं. म्हणून त्यांनी पुन्हा कुटली. ही बातमी चाचींकडं गेली. चाचींनी निरोप पाठवला, “ढगेबाईची चटणी म्हणजे नुसता भुगा. आण्णा, तीळ घालून बघा,” आणि सोबत नमुना. आप्पांना दात नाहीत, त्यांच्यासाठी वेगळी बारीक कुटायची. पुढच्या मंगळवारी मी आले तेव्हा खलबत्ता माळ्यावर परत गेलेला नव्हता, टीव्हीवर धूळ होती आणि आण्णा घरात नव्हते. आप्पांच्या पायऱ्यांवर सापडले. आप्पा वरून ओरडत होते, “या वेळची जरा तरी चावायला लागतीय. अजून कुटा, हात काय मोडलेत?”

गोड पाठवायचं नाही हे बोळानं मनावर घेतलं, आणि जरा जास्तच घेतलं. कारलं, मेथी, शेपू, अंबाडी. कडू जेवढं असेल तेवढं आमच्या घरी येऊ लागलं. आण्णा दारात झाकण उघडून मला वर्दी द्यायचे. “ढगे-गवसाने आली. आत कारलं. चाचींची आली. आत मेथी. आप्पांची उशिरा धावतीय, तीत पण कारलंच असणार.”

“खाता का मग?”

“चव बघतो,” ते तोंड वाकडं करून म्हणायचे. “यात खात्री लवकर होते.”

तीन महिने पुरे झाले तेव्हा दादा गाडी घेऊन आला. डॉक्टरांनी आधी अंगठा पाहिला. जखम भरली होती, गुलाबी कातडी आली होती. त्यांनी ती बोटानं दाबली आणि म्हणाले, “वाचला हा.” मग रिपोर्ट उघडला. साडेसात.

“साडेनऊवरनं साडेसात. या वयात!” डॉक्टर खूश होते.

“सात ठरलं होतं,” दादा म्हणाला.

“अहो, उतरते आहे. अजून उतरेल.”

“डॉक्टर, करार सातचा होता.”

मी दादावर ओरडणार होते. पण आण्णाच म्हणाले, “बरोबर आहे. सातचाच होता.” आणि त्यांनी चपला घातल्या. हा माणूस अठ्ठावीस वर्षं गाड्या वेळेवर सोडत आला होता. अर्ध्याचा फरक अर्ध्याचाच असतो, हे त्याला कुणी सांगायला नको होतं.

संध्याकाळी मी दादाशी भांडले. तो ऐकून घेत होता. शेवटी म्हणाला, “त्या दिवशी दारात चपला तू बघितल्यास, विजे. मी पण बघितल्या. आतून बाहेर आलो, तर एवढी माणसं आणि सगळी माझ्याकडं बघतायत. मला वाटलं, मी फ्रिज पुसत बसलो आणि आत आण्णा गेले. तेव्हापासनं रात्री फोन वाजला की मी उठून बसतो.” शेजारच्या खोलीत आण्णा बॅग भरत होते.

सकाळी दादानं बॅग बोळाच्या तोंडाशी नेऊन गाडीच्या डिकीत ठेवली. आण्णा शर्ट-पँट घालून ओट्यावर बसले होते. तेवढ्यात काकू आल्या आणि त्यांच्या हातात वाटी दिली. मागोमाग चाची आल्या. त्यांच्या हातात डबा. मग आप्पांची सून, मग पलीकडच्या घरातल्या दोघी, ज्यांनी याआधी कधी काही पाठवल्याचं मला आठवत नाही. हे त्यांनी ठरवून केलं का, ते मला आजही सांगता येणार नाही. मी नंतर काकूंना विचारलं तेव्हा त्या म्हणाल्या, “मंगळवारी कारलं करतेच मी.”

आण्णा वाट्यांकडं बघत बसले. “प्रमोद, या दिल्याशिवाय कसं निघायचं?”

“मी देऊन येतो.”

“रिकाम्या...”

“रिकाम्या नाही! कळलंय मला!” दादा आत गेला. त्यानं आलेलं सगळं पातेल्यात काढलं, बरणीतली चटणी प्रत्येक वाटीत घातली, वाट्या ताटात रचल्या आणि निघाला. मला वाटलं, दहा मिनिटांचं काम.

काकूंनी त्याला आत बोलावलं. बराच वेळ तो बाहेर आला नाही. मग चाचींकडं. तिथून तो दिसेनासा झाला. ऊन चढलं तेव्हा मी शोधायला निघाले. तो आप्पांच्या दगडी पायऱ्यांवर अर्ध्यात बसला होता. एक हात गुडघ्यावर, तोंड उघडं, शर्ट पाठीला चिकटलेला. ताट शेजारी ठेवलेलं. वरून आप्पा कठड्याला टेकून बघत होते.

“तुझा बाप मधी बसत नाही रे,” आप्पा म्हणाले. “डायरेक्ट वर येतो. चल, ऊठ. चटणी घेऊन ये.”

तो परत आला तेव्हा दुपार झाली होती. आण्णांनी त्याला तांब्या दिला. पाणी पिऊन तो त्यांच्या शेजारी ओट्यावर बसला.

“काकूंनी विचारलं, आमच्या ईशाची बारावी कशी गेली. त्यांना कसं कळलं?”

“मी सांगितलं होतं.”

“आणि चाचींना माझ्या बीपीच्या गोळीचं नाव माहीत आहे.”

“त्यांच्या दिराला पण तीच आहे.”

दादानं तांब्या खाली ठेवला. बोळातून एक सायकल गेली.

“आण्णा, आमच्या समोरच्या फ्लॅटमध्ये कोण राहतं, मला माहीत नाही. दारावर पाटी आहे. मी कधी वाचली नाही.”

आण्णांनी त्याच्याकडं वळून पाहिलं. जिंकल्यासारखं काही नव्हतं त्यांच्या चेहऱ्यावर. खरोखरच विचारत होते.

“मग मी तिथं सकाळी उठून कुणाकडं जायचं?”

दादा उठला आणि बोळाच्या तोंडाकडं चालायला लागला. डिकी उघडल्याचा आवाज आला, मिटल्याचा आला. तो बॅग घेऊन परत येताना ढगेकाकू दारात उभ्या होत्या.

“काय रे, काही राहिलं का?”

“नाही.”

“मग बॅग कशाला आणलीस?”

“राहू दे म्हटलं.”

काकूंनी बॅगेकडं पाहिलं, मग त्याच्या भिजलेल्या शर्टाकडं.

“मग उभा काय राहिलास? जेवून जा. आणि सावकाश जेव, आधीच किती दम लागलाय तुला.”